माझंच काहीतरी चुकलं असेल

फॉर्म ४७ रकान्यांचा होता. मॅडमनी तो भरायला घेतला आणि मी वही घेऊन त्यांच्या मागे जरा तिरकी खुर्ची टाकून बसले. अशा बसण्याचा नियम एकच, तोंड उघडायचं नाही. समोरचा माणूस अडखळला, भलतीकडे गेला, तरी हूं की चूं करायचं नाही. स्वतः बनवलेली स्क्रीन दुसऱ्याला वापरताना मागे बसून ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असेल: मूल स्टेजवर भाषण विसरलं की खाली बसलेल्या आईचं जे होतं, ते इथे दर मिनिटाला होतं.

वीसेक मिनिटांनी शेवटचा रकाना भरून झाला. तळाशी दोन बटणं होती, ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’. दोन्ही निळी, दोन्ही सारख्याच रुंदीची, मध्ये जेमतेम नखभर जागा. मॅडमची नजर अजून हातातल्या कागदावरच होती. उजवा हात सवयीने माउसकडे गेला. क्लिक. पॉप-अप आला, ‘तुम्हाला नक्की रद्द करायचे आहे का?’ आणि त्याच्याखाली पुन्हा दोन बटणं, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’.

आता सांगा, रद्द करायचं नसेल तर यातलं कुठलं दाबायचं? ‘रद्द करा’ दाबलं की रद्द करणं रद्द होणार. हे शांतपणे बसून उलगडलं तर कळतं. शांतपणे बसून कोणी फॉर्म भरत नाही. मॅडमनी जगातल्या यच्चयावत पॉप-अपना लोक जे करतात तेच केलं, ‘ठीक आहे’ दाबलं. ४७ रकाने कोरे करकरीत.

“अहो, माझंच काहीतरी चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून जरा ओशाळं हसल्या आणि पहिल्या रकान्यात पुन्हा नाव टाइप करू लागल्या.

ती स्क्रीन मी बनवली होती. बटणांचा रंग मी ठरवला होता, पॉप-अपवरची अक्षरंही माझीच. मी वहीत काय लिहिलं ते आता आठवत नाही, पण त्यांचं ते हसू अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हे वाक्य त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा छंदच जडला म्हणा. डॉक्टरांनी, हिशेबनिसांनी, निवृत्त इंजिनियरांनी, सगळ्यांनी ते म्हटलंय. दार ढकलून उघडलं नाही तर माणूस दाराला शिव्या घालतो. स्क्रीन ऐकत नसेल तर स्वतःला. कम्प्युटर हिशेबात चुकत नाही, म्हणजे तो कशातच चुकत नसणार, असं काहीतरी मनात बसलेलं असतं. स्क्रीनवर कुणा माणसाने, कदाचित संध्याकाळी घाईघाईत, दोन बटणं शेजारी-शेजारी ठेवून दिली आहेत, हे डोक्यात येतच नाही.

चुकीचं खापर वापरणाऱ्यावर फोडायची ही रीत कम्प्युटरहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची, धावपट्टीवर धावत असायची आणि मध्येच पोटावर बसायची. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, आत घ्यायचे असायचे आणि तो चाकं आत घ्यायचा. अहवालात शेरा ठरलेला, वैमानिकाची चूक. शेकडो मैल उडून आलेली, शत्रूच्या गोळीबारातून विमान परत आणणारी माणसं धावपट्टीवर येऊनच कशी काय वेंधळी होतात, हा प्रश्न अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला पडला. त्याने कॉकपिट पाहिलं. फ्लॅपचा स्विच आणि चाकांचा स्विच शेजारी-शेजारी, डोळ्यांना सारखे, बोटांनाही सारखे. सी-४७ या मालवाहू विमानात या दोन गोष्टींची रचना वेगळी होती, आणि तिथे हा घोटाळा होत नव्हता. वैमानिक तसेच, थकवा तसाच.

त्याने सुचवलेला उपाय मला आजही थक्क करतो. चाकांच्या स्विचच्या टोकाला रबराचं छोटंसं चाक बसवायचं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीच्या आकाराचा तुकडा. मग अंधारात, न बघता, हाताला कळतं की आपण काय धरलंय. आजच्या प्रवासी विमानातही चाकांच्या दांड्याला चाकाचाच आकार असतो. युद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या तोंडून ऐकलेले अशा चुकांचे ४६० किस्से एकत्र करून तपासले. त्यांचाही रोख तोच होता: ज्याला ‘वैमानिकाची चूक’ म्हणतात, त्यातली बरीचशी चूक विमान बनवणाऱ्याच्या टेबलावरच होऊन गेलेली असते.

मॅडमच्या स्क्रीनवरची माझी ती दोन निळी बटणं म्हणजे बी-१७ मधले ते दोन स्विचच. फरक इतकाच की माझ्याकडे हे सगळं आधी वाचून झालेलं होतं.

वाचून झालेलं असतं हो. स्क्रीन बनवण्याच्या या क्षेत्रात मानसशास्त्राचे नियम सगळ्यांना पाठ असतात. मुलाखतीत विचारतात, आपण घडाघडा सांगतो. विल्यम हिक, १९५२: पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळ वाढतो. फिट्स, १९५४: बटण जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथे पोहोचायला उशीर. (याच नियमाची एक गंमत म्हणजे स्क्रीनचा कोपरा. तिथे कर्सर कितीही जोरात फेकला तरी कडेला अडतो, म्हणून कोपऱ्यातलं इवलंसं चिन्हसुद्धा हाताला अवाढव्य असतं.) पण पाठ असणं वेगळं आणि आपल्याच फॉर्मकडे बघताना ते आठवणं वेगळं. आपल्याला आपली स्क्रीन माहीत असते. ‘रद्द करा’ उजवीकडे आहे हे मला वाचावं लागत नव्हतं, म्हणून ते कसं दिसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

दिसण्याचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वीच मांडून झालंय. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये कागदावर साधे ठिपके काढून दाखवलं, की जवळजवळचे ठिपके डोळा एका गटात टाकतो आणि सारखे दिसणारे ठिपकेही एकाच कुटुंबातले समजतो. आपण विचार करायच्या आत हे झालेलं असतं. नंतर विचाराने ते मोडता येतं, पण त्याला कष्ट पडतात.

त्याच फॉर्मवर याचा आणखी एक नमुना होता. रकान्यावर त्याचं नाव लिहिलेलं, ‘वडिलांचे नाव’, ‘आईचे नाव’ वगैरे. या नावाचं स्वतःच्या रकान्यापासूनचं अंतर १२ पिक्सेल, आणि वरच्या रकान्यापासूनचंही १२. मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं, सगळीकडे समान अंतर. मॅडम फॉर्मच्या मधोमध पोहोचल्या की त्यांना कळेना, हे नाव वरच्या चौकटीचं की खालच्या. त्या वर जाऊन पहिल्या रकान्यापासून बोटाने मोजत खाली यायच्या. मी आतलं अंतर ४ केलं आणि बाहेरचं २०. एक रेघ मारली नाही, रंग बदलला नाही, सूचना लिहिली नाही. बोट थांबलं.

पिक्सेल मोजत बसणं हे रिकामटेकड्याचं काम वाटत असेल, तर फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका पाहावी. नोव्हेंबर २००० ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. उमेदवार दहा. ते एकाच पानावर बसवायचे तर अक्षर बारीक होणार आणि वयस्कर मतदारांना दिसणार नाही, म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि मत देण्यासाठी पाडायच्या भोकांची रांग मध्ये ठेवली. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. भोकं मात्र एकाच रांगेत असल्याने दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं आणि तिसरं गोर यांचं. ज्याला डावीकडे दुसरं नाव दिसलं त्याचा हात दुसऱ्या भोकाकडे जाणार, यात नवल ते काय? त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली, आणि त्यातली बरीचशी आपल्यासाठी नव्हती हे त्यांनी स्वतःच नंतर मान्य केलं. शिवाय १९ हजारांहून जास्त मतपत्रिका एकाहून अधिक भोकं पाडल्यामुळे बाद झाल्या. सबंध फ्लोरिडात बुश जिंकले ते ५३७ मतांनी, आणि फ्लोरिडावरच अध्यक्षपद ठरलं.

मला यातला सर्वांत बोचणारा भाग आकड्यांचा वाटत नाही. अक्षर मोठं करावं, म्हाताऱ्या माणसांना वाचता यावं, या चांगल्या हेतूतून ते पान जन्माला आलं होतं. मीही समान अंतर ठेवलं ते नीटनेटकेपणाच्या प्रेमापोटीच. भरणारा मात्र पानाकडे बघतो, आमचे हेतू त्याला कुठून दिसणार?

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर एक रडगाणं गाऊन घेते. ओळीची उंची रोमन लिपीच्या हिशेबाने ठरवायची आणि मग त्यात देवनागरी कोंबायची, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता चिडायचंही थांबले आहे. वरच्या मात्रा छाटल्या जातात, खालचे उकार गळतात आणि ‘पुढे’ या बटणावर ‘पढे’ उरतं. पुढचं दुखणं शब्दांचं. मॅडमनी मोबाइल नंबर लिहिताना पाच आकड्यांनंतर एक जागा सोडली, आपण कागदावर सोडतो तशी. लाल अक्षरांत उत्तर आलं, ‘कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा’. मॅडम थबकल्या. “मूल्य कसलं? पैसे भरायचे आहेत का आधी?” नियम मोडून मी बोलले, “नाही हो, नंबरमधली जागा काढा फक्त.” “मग तसं लिहा की!” त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं डिझाइन मॅडमनी केलं.

खरं तर तसं लिहायचीही गरज नव्हती. आकड्यांमधली मोकळी जागा काढून टाकायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ पुरते. कट, कॉपी, पेस्ट ज्यांच्यामुळे आपल्या हातात आलं ते लॅरी टेस्लर म्हणायचे, की कुठल्याही कामातली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही, ती फक्त कुणाच्या गळ्यात घालायची एवढंच ठरवता येतं. प्रोग्रॅमरने एकदाच एक तास घालवायचा की हजार माणसांनी रोज अर्धा मिनिट? गणित सोपं आहे. पण तो एक तास आमच्या वेळापत्रकात दिसतो आणि ते हजार अर्धे मिनिट कुणाच्याच वेळापत्रकात दिसत नाहीत.

स्मरणशक्तीबद्दल एक दंतकथा प्रत्येक मीटिंगमध्ये भेटते. कोणीतरी म्हणतं, “मेनूत सातच्या वर गोष्टी नकोत, माणसाला सातच लक्षात राहतात.” हे जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातून आलेलं. पण तो निबंध माणूस डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवू शकतो याबद्दल होता. मेनू तर डोळ्यांसमोर उघडा असतो, तो धरून कुठे ठेवायचाय? शिवाय नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये बराच पुरावा तपासून तो आकडा चारच्या आसपास आणला. मिलर यांचा धडा लागू पडतो तो दुसरीकडे, जिथे एका स्क्रीनवर बघितलेलं दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन लिहायचं असतं. मॅडमना दुसऱ्या पानावर नोंदणी क्रमांक दिसायचा आणि पाचव्या पानावर तो पुन्हा टाकायचा असायचा. त्यांनी तो कीबोर्डच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवायची सोय केली होती. मी आता कुठेही गेले की आधी चिठ्ठ्या शोधते. टेबलावर चिकटवलेली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे स्क्रीनने झटकून टाकलेलं एक काम.

आणि लक्ष? आम्ही फॉर्मच्या वर एक ठसठशीत लाल पट्टी टाकली होती: अर्ध्या तासानंतर फॉर्म आपोआप बंद होईल. दिवसभरात एकानेही ती वाचली नाही. डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शॅब्रिस यांच्या १९९९ च्या प्रयोगात चेंडूच्या फेका मोजणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला, छाती बडवणारा गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नव्हता. आमच्या पट्टीने तर छातीही बडवली नाही. माणूस रकाने शोधत असतो, त्याला रकाने दिसतात. शिवाय वरची रंगीत पट्टी म्हणजे जाहिरात, हे वेबसाइटींनी त्याला वर्षानुवर्षं शिकवून ठेवलेलं.

पण माझी झोप उडवली ती एका छोट्या हिरव्या संदेशाने. ‘जतन झाले’.

२८ मार्च १९७९, पहाटे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पात दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली, आणि दाब उतरल्यावर ती बंद व्हायला हवी होती. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा विझला. ऑपरेटरांनी मानलं, झडप बंद झाली. त्या दिव्याचा अर्थ मात्र एवढाच होता, की झडपेला बंद होण्याचा इशारा गेला आहे. झडप स्वतः उघडीच अडकली होती आणि दोन तासांहून जास्त वेळ तिच्यातून अणुभट्टीचं पाणी निसटत राहिलं. त्या अपघाताला कारणं इतरही होती. पण तो दिवा खोटं बोलत नव्हता आणि खरंही सांगत नव्हता, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझा हिरवा संदेश नेमकं तेच करत होता. बटण दाबलं की तो लगेच झळकायचा. सर्व्हरने नोंद खरोखर घेतली का, हे विचारायला थांबायचाच नाही. जोडणी तुटलेली असली तरी ‘जतन झाले’. आम्हाला अ‍ॅप चपळ वाटायला हवं होतं. बटण दाबल्यावर दशांश सेकंदात काहीतरी हललं तर माणसाला ते आपणच केल्यासारखं वाटतं, हेही पुस्तकातलंच. म्हणून आम्ही काहीतरी हलवलं.

उलटी बाजूही पाहिलेली आहे. काहीच हललं नाही की लोक पुन्हा दाबतात, मग एका माणसाच्या दोन नोंदी होतात, आणि त्या निस्तरणारा म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं असेल. आता आमच्याकडे बटण आधी ‘जतन होत आहे’ म्हणतं, सर्व्हरचं उत्तर आल्यावरच ‘जतन झाले’, आणि उत्तर आलंच नाही तर ‘जतन झालं नाही, तुमची माहिती इथेच आहे, पुन्हा प्रयत्न करा’. सगळ्यात जास्त वेळ त्या मधल्या चार शब्दांवर गेला, ‘तुमची माहिती इथेच आहे’. अक्षरं लिहिणं सोपं होतं, पण ती खरी ठरावी म्हणून सगळ्या रकान्यांचा मसुदा आपोआप ठेवत राहायची व्यवस्था आधी करावी लागली.

त्या व्यवस्थेनंतर ‘नक्की रद्द करायचे आहे का?’ हा प्रश्न विचारायची गरजच संपली. हा प्रश्न विचारणारा पॉप-अप म्हणजे ‘सांगितलं नव्हतं का’ म्हणायची सोय आहे, असं माझं मत झालंय. दिवसातून पन्नास वेळा ‘होय’ म्हणवून घेतल्यावर एक्कावन्नावं ‘होय’ हात परस्पर म्हणतो, डोक्याला कळवतसुद्धा नाही. त्यापेक्षा निमूटपणे रद्द होऊ द्यावं आणि ‘परत आणा’ असा दुवा समोर ठेवावा. चुकलेल्या माणसाला उलटतपासणी नको असते, मागे यायला वाट हवी असते.

हे सगळं ज्ञान दुधारी आहे, त्याबद्दल थोडक्यातच बोलते कारण रक्तदाब वाढतो. न दिसणारं ‘नको’, ठळक ‘हो’, आधीच टिक केलेली चौकट, सदस्यत्व बंद करायला सात पानांचा वळसा, हे बनवणाऱ्यांनीही हिक आणि फिट्स वाचलेले असतात. आधीच ठरवून ठेवलेल्या पर्यायाची ताकद केवढी असते, तर एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांच्या २००३ च्या लेखानुसार अवयवदानाची संमती ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के आणि शेजारच्या जर्मनीत १२ टक्के. ऑस्ट्रियात संमती गृहीत होती, जर्मनीत ती द्यावी लागत होती. मलाही एकदा ‘नको’चं अक्षर फिकट करायला सांगितलं गेलंय. केलं होतं मी. पुढच्या वर्षी काम सोडलं, पण ते फिकट अक्षर तिथे अजून असेल.

मॅडमच्या फॉर्मवर मात्र आम्ही मनापासून राबलो. ‘जतन करा’ उजवीकडे, निळं, भरगच्च. ‘रद्द करा’ हे आता बटण राहिलं नाही, डाव्या टोकाला साधी अक्षरं. नोंदणी क्रमांक पाचव्या पानावर आपोआप येतो. मोबाइल नंबरमध्ये हव्या तितक्या जागा सोडा. चार महिन्यांनी मी पुन्हा वही घेऊन मागे बसले. कीबोर्डवरची पिवळी चिठ्ठी गेली होती, तिचा चिकट डाग राहिला होता. मॅडमचा हात सुसाट चालला होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

शेवटचा रकाना झाला. नजर कागदावर, हात माउसकडे. कर्सर सरळ डावीकडे गेला, जिथे इतकी वर्षं ‘जतन करा’ होतं. क्लिक. फॉर्म मिटला. तळाशी बारीक अक्षरांत ‘मसुदा ठेवला आहे. परत आणा’. मॅडमनी दुवा दाबला, ४७ रकाने जसेच्या तसे परत आले. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

“हे बटण इथून कुणी हलवलं हो?”

मी हात वर केला.